टीव्ही ॲनिमेशनमध्ये विनोदी नट, लेखक, निर्माता व्हायचंय? बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाटक करणारी कॉलेजची मुलं, त्यांचे आईवडील आणि नोकरी सांभाळून आवाजाचं काम शोधणारी मंडळी सतत जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. नवीन असाल तर पहिले पाच प्रश्न क्रमाने वाचा. करार, हक्क आणि अपवादांचे प्रश्न शेवटी आहेत.

१. चित्रं दुसरेच काढतात, मग ॲनिमेशनमध्ये विनोदी नटाचं काम काय?

पात्राचा आवाज, श्वास, अडखळणं, थांबणं हे सगळं त्याच्याकडून येतं. रेकॉर्डिंगला नट बहुतेक वेळा काचेआड एकटाच असतो. समोर स्क्रिप्ट, कानाला हेडफोन आणि टॉकबॅकवरून दिग्दर्शकाच्या सूचना. ज्याच्याशी भांडायचं तो सहकलाकार कदाचित उद्या येणार असतो. तरीही भांडण खरं वाटलं पाहिजे. संवादांनंतर ‘एफर्ट्स’ रेकॉर्ड होतात, म्हणजे धावणं, धडपडणं, गिळणं, शिंकणं, कड्यावरून पडताना ओरडणं. नवख्या नटांचा घसा इथेच बसतो, म्हणून एफर्ट्स शेवटी ठेवायला सांगा.

एकच नट अनेक पात्रं करतो हेही नेहमीचं आहे. २०१२ साली निक या मुलांच्या चॅनलवर सुरू झालेल्या ‘मोटू पतलू’मध्ये मोटू आणि पतलू या दोघांचेही आवाज सौरव चक्रवर्ती यांचे आहेत. शिवाय त्यातली इतर काही पात्रंही त्यांचीच. दोन पात्रं एकमेकांना टोमणे मारताहेत आणि दोन्ही बाजू एकाच गळ्यातून येताहेत, हे कळून ती मालिका पुन्हा बघा. बराच अभ्यास होईल.

२. एकच माणूस नट, लेखक आणि निर्माता कसा होतो?

कारण पात्र कसं बोलेल हे त्याला सगळ्यांत आधी कळतं. आवाज करताना संवाद खटकला की नट बदल सुचवतो, ते बदल चांगले निघाले की त्याला लेखकांच्या बैठकीत बसवतात. मालिका लांबली की पात्राची राखण करणारं कुणीतरी लागतं, आणि निर्मात्याच्या कामाचा मोठा भाग तोच असतो.

अमेरिकेत ही वाट चांगली मळलेली आहे. माइक हेन्री १९९९ पासून ‘फॅमिली गाय’मध्ये क्लीव्हलँड ब्राउनचा आवाज करत होते. त्याच मालिकेचे ते लेखक झाले, निर्माते झाले, आणि २००९ मध्ये त्यांच्या पात्रावर स्वतंत्र मालिका निघाली तेव्हा तिचे सहनिर्मातेही होते. ‘द सिम्प्सन्स’मधल्या होमरचा आवाज करणारे डॅन कॅस्टेलानेटा शिकागोच्या ‘सेकंड सिटी’ या विनोदी नाट्यसंस्थेतून आले. पत्नी डेब लकुस्टा यांच्याबरोबर त्यांनी त्याच मालिकेचे काही भागही लिहिले. माइक जज यांची पदवी भौतिकशास्त्राची. इंजिनिअरची नोकरी सोडल्यावर त्यांनी घरी छोट्या फिल्म्स केल्या, त्यांतून १९९३ मध्ये एमटीव्हीवरची मालिका उभी राहिली, आणि मुख्य आवाजही त्यांचेच.

आपल्याकडे ही तीन कामं अजून बरीच वेगवेगळी ठेवली जातात. नटाला स्क्रिप्ट ऐनवेळी हातात मिळते, लेखकाला रेकॉर्डिंगला बोलावत नाहीत. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. विनोदाची सगळ्यांत जास्त गळती याच दोन टेबलांच्या मधे होते.

३. मला चित्र काढता येत नाही. चालेल का?

चालेल. पण चित्रकार कसा विचार करतो ते कळलं पाहिजे. स्टोरीबोर्ड वाचायला शिका, काडीचे माणूस काढून चौकटी मांडायला शिका. ‘हजारो माकडं एकदम येतात’ हे लिहायला चार शब्द लागतात, पण ते काढणाऱ्याचा महिना जातो. जो लेखक गर्दी दारामागे ठेवून फक्त आवाज ऐकवतो, त्याला स्टुडिओ पुन्हा बोलावतो.

४. आवाज आधी की चित्र आधी?

मूळ मालिकेत साधारणपणे स्क्रिप्ट, मग स्टोरीबोर्ड, आवाज, ॲनिमॅटिक आणि त्यानंतर ॲनिमेशन असा क्रम असतो. ॲनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डच्या चौकटी आवाजाच्या वेळेवर बसवून केलेला कच्चा व्हिडिओ. ॲनिमेटर नटाचा आवाज ऐकून तोंड आणि हातवारे हलवतो. त्यामुळे विनोदाची वेळ ठरवण्याची खरी संधी नटाला इथेच मिळते.

डबिंगमध्ये सगळं उलटं. चित्र पक्कं, ओठ हललेले, तुम्हाला त्यात भाषा बसवायची. पडद्यावर ओठ मिटतात तिथे प, ब, भ, म यांपैकी अक्षर आलं तर वाक्य चपखल बसतं. तरीही डबिंग म्हणजे दुय्यम काम, असं समजू नका. फ्रान्सच्या झिलाम स्टुडिओची ‘ऑगी अँड द कॉक्रोचेस’ मुळात जवळजवळ बिनसंवादाची मालिका. हिंदीत तिला संवाद दिले, ऑगीला शाहरुख खानच्या ढंगाचा आवाज दिला, आणि आपल्याकडच्या मुलांना ती याच रूपात पाठ आहे.

५. विनोदी प्रसंग लिहायचा कसा? एखादं उदाहरण द्या ना.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर. समजा, दांडिया बाजारातल्या एका गच्चीवर आजी पापड वाळवतेय आणि कावळा टपलाय. पहिला खर्डा बहुतेक असा येतो:

कावळा: आजी, मला खूप भूक लागली आहे, म्हणून मी तुमचा एक पापड नेणार आहे!
आजी: अरे थांब, तो पापड अजून ओला आहे, वाळायला दोन तास लागतील!

यात सगळी माहिती आहे, हसू कुठेच नाही. आता हा:

(कावळा चोचीत पापड उचलतो.)
आजी (पेपरातून मान वर न करता): ओला आहे.
(कावळा थबकतो. पापड खाली ठेवतो. उलटा करतो. शेजारी बसतो.)
आजी: दोन तास.

कावळ्याचे सगळे संवाद गेले, कारण त्याला भूक लागलीय हे दिसतंच आहे. आजी चोरीवर ओरडत नाही, पापडाच्या प्रतीची काळजी करते. पात्राचा स्वभाव तिथेच कळतो. पापड उलटा करणं ही माझ्या मते यातली खरी जागा, कारण चोर एकदम घरचा झाला. ‘दोन तास’च्या आधी दीड सेकंदाची शांतता हवी. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने त्या ३६ फ्रेम झाल्या. ही शांतता स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवा, नाहीतर एडिटमध्ये ती सगळ्यांत आधी कापली जाते. आणि नटाने ‘दोन तास’ हे हसवायला म्हणून म्हणायचं नाही. आजीला खरंच दोन तासच म्हणायचं आहे.

सराव म्हणून घरातला एक प्रसंग घ्या, अर्ध्या पानात लिहा, मग निम्मे संवाद काढा. उरलेल्यावर प्रसंग चालतो का ते पाहा.

६. बडोद्यात राहून हे शिकायचं कुठे?

एम. एस. युनिव्हर्सिटीत परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे, तिची मुळं १८८६ च्या संगीतशाळेपर्यंत जातात. तिथे नाट्यविभागात पदवी करता येते. तिथल्या आणि फाइन आर्ट्सच्या मुलांनी एकत्र येऊन एका मिनिटाची फिल्म करावी, हा सल्ला मी प्रत्येकाला देतो. नट एका फॅकल्टीत, चित्रकार दुसऱ्या फॅकल्टीत, दोघांच्या मधे एक चहाची टपरी, आणि तरी ओळख नाही, असं होऊ देऊ नका.

ॲनिमेशनचंच शिक्षण हवं असेल तर सुमारे १०० किलोमीटरवर अहमदाबादला एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) आहे, मुंबईला आयआयटीचं आयडीसी हे डिझाइनचं स्कूल. दोन्हीकडे प्रवेशपरीक्षा असते आणि तयारीला वर्ष तरी द्यावं लागतं. गल्लोगल्लीच्या क्लासेसमध्ये सॉफ्टवेअर शिकवतात, त्याचाही उपयोग आहे, पण लेखन आणि अभिनय तिथे सहसा नसतो. फी भरण्याआधी तेवढं विचारून घ्या.

आपल्या गावाला या विषयाचा वारसाही आहे. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, आणि पुढे त्यांनी आगकाड्या एकेक फ्रेम हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली.

७. घरी मराठी, बाहेर गुजराती, टीव्हीवर हिंदी. एकही भाषा धड नाही, याचा तोटा होईल का?

काळजी घेतली तर फायदाच होईल. कामाचा मोठा वाटा हिंदीत आहे, मराठी आणि गुजरातीतही डबिंग होतं, आणि तिन्हींत उभं राहू शकणारा नट दिग्दर्शकाला सोयीचा असतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कान. माणूस भाषा बदलतो तेव्हा त्याचा स्वभाव कसा बदलतो हे बडोद्याच्या मराठी पोराला शिकवावं लागत नाही. आईशी एक, रिक्षावाल्या काकांशी दुसरा आणि सरांशी तिसरा असा तो दिवसभर वावरतच असतो.

मात्र प्रमाण हिंदीवर मेहनत घ्या. गुजराती वळणामुळे ‘है’चा ‘हे’ होतो, ऱ्हस्व-दीर्घ निसटतात. मराठी वळणामुळे ज आणि च दाताला लागतात. रोज पानभर हिंदी मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा आणि हिंदी मातृभाषा असलेल्या कुणाला तरी ऐकवा. वळण हवं तेव्हा आणता आलं पाहिजे आणि नको तेव्हा लपवता आलं पाहिजे.

८. मी नटांच्या नकला छान करतो. तेवढ्यावर काम मिळेल?

पहिला फोन मिळेल, दुसरा कदाचित नाही. नक्कल मिनिटभर टिकते. मालिकेत तोच आवाज रागात, झोपेत, रडताना आणि खोटं बोलताना लागतो. नक्कल करत असाल तर त्या आवाजात भाजीवाल्याशी घासाघीस करून बघा. जिथे मूळ नटाचं एकही वाक्य तुमच्याकडे नाही, तिथून तुमचं पात्र सुरू होतं. समाजांच्या बोलीच्या नकलांसाठी प्रश्न १५ पाहा.

९. आवाजाचा डेमो कसा करायचा? घरी रेकॉर्डिंग जमेल?

एक ते दीड मिनिट पुरे. सुरुवात सगळ्यांत चांगल्या पात्राने करा, कारण पुढे ऐकतीलच याची खात्री नसते. एक तुकडा तुमच्या नैसर्गिक आवाजात हवाच. पार्श्वसंगीत घालू नका. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि भाषा लिहा.

घरी कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर, मागे गोधडी टांगून, पंखा बंद करून चांगलं रेकॉर्डिंग होतं. माइक वीतभर अंतरावर, तोंडाच्या किंचित बाजूला, पुढे पॉप फिल्टर, म्हणजे प, ब म्हणतानाचा फुंकरीचा धक्का अडवणारी जाळी. फाइल वेव्ह फॉरमॅटमध्ये ठेवा, एमपी३ फक्त पाठवायला. आणि बडोदेकरांसाठी खास सूचना: नवरात्रीच्या नऊ रात्री आणि उत्तरायणाचे दोन दिवस कुणालाही रेकॉर्डिंगचा शब्द देऊ नका. गरब्याचे स्पीकर आणि गच्चीवरचा ‘काइपो छे’ कुठलीही गोधडी अडवत नाही.

१०. मुंबईला जावंच लागेल का?

आवाजाचं काम करायचं तर सुरुवातीला जा-ये करावी लागते, कारण बहुतेक मोठी कामं अजून स्टुडिओत होतात. ऑडिशन मात्र आता सर्रास घरून मागवतात. लेखनासाठी गाव सोडायची गरज नाही, बैठका ऑनलाइन होतात. आणि सगळं मुंबईतच आहे असंही नाही: ‘छोटा भीम’ करणारं ग्रीन गोल्ड हैदराबादचं, टून्झ तिरुवनंतपुरमचं.

११. पैसे किती मिळतात?

आकडा सांगून मी कुणाची दिशाभूल करणार नाही, कारण चॅनल, भाषा, पात्र आणि अनुभव यांप्रमाणे तो फार बदलतो. पण काय विचारायचं ते सांगतो. मानधन भागाला आहे, तासाला आहे की सेशनला? दुरुस्तीसाठी परत बोलावलं तर वेगळे पैसे आहेत का? जास्तीची पात्रं त्याच पैशांत करायची का? बिल दिल्यावर किती दिवसांत? लेखकाने विचारावं: किती खर्डे या रकमेत धरले आहेत? भाग रद्द झाला तर लिहिलेल्याचे पैसे मिळणार का?

व्यावसायिक मानधनावर सहसा १० टक्के टीडीएस कापतात. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

१२. कल्पना पाठवली आणि कुणी चोरली तर?

नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो. ‘पापड सांभाळणारी आजी’ ही कल्पना कुणाचीच नाही. पण तुम्ही लिहिलेला प्रसंग, पात्रांचं सविस्तर वर्णन, काढलेली चित्रं तुमची आहेत, आणि ती लिहिल्या क्षणापासून तुमची आहेत. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरी पुरावा हवा, म्हणून मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सदस्य होऊन स्क्रिप्टची नोंदणी ऑनलाइन करा, आणि पाठवताना ईमेलच वापरा. पाठवण्याआधी ‘बायबल’ तयार ठेवा: मालिकेचं जग, पात्रं, त्यांची नाती, सुरुवातीच्या काही भागांचे सारांश. जितकं सविस्तर, तितकं तुमचं.

१३. स्टुडिओत पगारावर असताना मी केलेलं पात्र माझंच ना?

बहुधा नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच असतो. नोकरीच्या आधी केलेलं पात्र घेऊन जाणार असाल तर रुजू होतानाच तसं लेखी नोंदवून घ्या.

फ्रीलान्स लेखकाची गोष्ट वेगळी. त्याने हक्क दिले तरी करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीचा समान वाटा मागण्याचा लेखकाचा हक्क, वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून, कुणाला देऊन टाकता येत नाही. कायद्यात ‘सिनेमॅटोग्राफ फिल्म’ची व्याख्या व्यापक आहे, ॲनिमेशन तिच्यात बसतं. करारात ‘सर्व रॉयल्टी कायमची सोडली’ असं कलम दिसलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

१४. निर्माता म्हणजे पैसे घालणाराच का? माझ्याकडे तर काहीच नाही.

पैसे आणणं हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे वेळापत्रक, माणसं आणि पात्राचा स्वभाव सांभाळणं, आणि लेखक-नटांमधून आलेले निर्माते हाच भाग करतात. स्वतःची मालिका काढायची असेल तर चॅनलकडून मिळणाऱ्या रकमेइतकंच पात्राची मालकी कुणाकडे राहते ते पाहा. राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्डने २००८ साली पोगोवर ‘छोटा भीम’ आणला आणि पात्र स्वतःकडे ठेवलं, म्हणून पुढे दप्तरांपासून खेळण्यांपर्यंतचा व्यवसाय त्यांना करता आला. नवख्यांनी एक ते दोन मिनिटांचा पूर्ण झालेला तुकडा यूट्यूबवर ठेवावा. मोठ्या मालिकेच्या अर्धवट ट्रेलरपेक्षा त्याला जास्त किंमत मिळते.

१५. गुजराती शेठ, मद्रासी अण्णा, पारशी बावाजी असे आवाज अजून चालतात का?

मागणी आहे, पण जपून. अमेरिकेत याच प्रश्नावर मोठी चर्चा झाली. हँक अझारिया यांनी ‘द सिम्प्सन्स’मधल्या अपू या भारतीय दुकानदाराचा आवाज करणं २०२० मध्ये थांबवलं, आणि त्याच वर्षी माइक हेन्रींनीही (प्रश्न २) क्लीव्हलँड हे कृष्णवर्णीय पात्र सोडलं. हेन्री स्वतः गोरे होते.

माझी कसोटी साधी आहे. उच्चार काढून टाकला तर विनोद उरतो का? उरत असेल तर बोली पात्राला रंग देते, खुशाल वापरा. उरत नसेल तर आपण एका समाजाच्या बोलण्यालाच हसतोय. गुजरातमध्ये राहून आपली मराठी वळणाची गुजराती चेष्टेत ऐकलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

१६. माझी दहा वर्षांची मुलगी मस्त आवाज काढते. तिला काम करू द्यावं का?

लहान मुलांचे आवाज बरेचदा मोठ्या स्त्रियाच करतात. बार्ट सिम्प्सन हा मुलगा नॅन्सी कार्टराइट यांच्या आवाजात बोलतो. कारण उघड आहे: मुलाचा आवाज फुटतो, मालिका चालू राहते.

तरीही मूल घेतलं तर १४ वर्षांखालच्यांसाठी नियम आहेत. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. हे कागद कुणी टाळत असेल तर काम नाकारा. ओरडण्याचे एफर्ट्स (प्रश्न १) मुलांकडून तासन्तास करून घेऊ देऊ नका.

१७. एआयने माझा आवाज बनवला तर?

जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या प्रकरणात, परवानगीशिवाय एआयने त्यांचा आवाज तयार करणाऱ्यांना मनाई केली. तो अंतरिम आदेश प्रसिद्ध व्यक्तीबाबत होता. नवख्याने करारावरच भर द्यावा: ‘हे रेकॉर्डिंग फक्त या मालिकेसाठी, आवाजाचं मॉडेल शिकवण्यासाठी किंवा कृत्रिम आवाज बनवण्यासाठी वापरता येणार नाही’ अशी ओळ मागा. ‘सध्या अस्तित्वात असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व तंत्रांसाठी’ असं कलम आलं तर त्यातच ही अट घालून घ्या.

१८. स्टुडिओने हक्क घेतले, सही झाली आणि मालिका काही सुरूच झाली नाही. पात्र परत मिळेल का?

मिळू शकतं. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरले नाहीत तर त्या हक्कांचं हस्तांतर संपल्याचं कायदा मानतो, मात्र करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. अडचण अशी की तयार करारांत ‘कलम १९(४) लागू होणार नाही’ ही ओळ बहुधा आधीच छापलेली असते. सही करण्याआधी ती शोधा. ती काढायला तयार नसतील तर ठरावीक मुदतीत निर्मिती सुरू न झाल्यास हक्क लेखकाकडे परत, असं स्वतंत्र कलम मागा. जुन्या करारात काहीच नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल, तर पात्र दुसऱ्या स्टुडिओला दाखवण्याआधी पहिल्याला लेखी नोटीस पाठवून उत्तर किंवा पोच जपून ठेवा.